उपाशी यीस्टची गोष्ट आणि अक्काचा उपास



या सदरात आपण बहुधा खते, बियाणे, कीड आणि पाणी यांविषयी बोलतो. आजचा विषय जरा निराळा आहे. आज मी तुम्हाला यीस्टविषयी सांगणार आहे. पाव फुगवणारे यीस्ट, कारखान्याच्या मळीपासून मद्यार्क करणारे यीस्ट, तेच हे. ते उपाशी राहिले की काय करते, आणि ते काय करते हे त्याच्यात कोण ठरवते, हा आजचा विषय. तो का निवडला, ते आधी सांगतो.

आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी माझ्या थोरल्या बहिणीचा फोन आला. आम्ही सगळे तिला अक्का म्हणतो.

"भाऊ, उपासाला नोबेल मिळालंय म्हणे. मोबाईलवर आलंय. पेशी घाण खाऊन टाकतात, साखरेचा आजारही जातो, असं लिहिलंय. खरं का रे?"

मी बैठकीला निघालो होतो. "हो, मिळालंय. २०१६ साली, जपानच्या शास्त्रज्ञाला," एवढे म्हणालो आणि फोन ठेवला.

अक्काला बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आहे. एरवी ती एकादशीला भगर आणि शेंगदाण्याची आमटी खाते. या वेळी तिने काहीच खाल्ले नाही. सकाळची साखरेची गोळी तेवढी सवयीने घोटभर पाण्याबरोबर घेतली. दुपारी चारच्या सुमारास तिला दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले, बोलणे असंबद्ध झाले आणि ती देवघरापुढे कोसळली. भाच्याने गाडीवर मध्ये धरून दवाखान्यात नेली. रक्तातली साखर फार खाली गेली होती. शिरेतून साखर दिली, तेव्हा तिने डोळे उघडले. पहिले वाक्य बोलली ते असे : "भाऊच तर म्हणाला, खरं आहे."

मंडळी, माझे उत्तर खोटे नव्हते, पण अर्धे होते. शेतकऱ्याला औषधाचे नाव सांगावे आणि प्रमाण सांगू नये, तसले. असे उत्तर दुसऱ्या कोणी विस्तार अधिकाऱ्याने दिले असते, तर मीच त्याला बोललो असतो. म्हणून राहिलेले अर्धे उत्तर आज सविस्तर देतो. तसलाच निरोप तुमच्याही घरात पोचला असेल.

सुरुवात तुमच्या ओळखीच्या गोष्टीपासून करू. मक्याला किंवा ज्वारीला नत्र कमी पडले, तर आधी कोणते पान पिवळे पडते? खालचे, जुने पान. शेंड्याची कोवळी पाने तेव्हाही हिरवी दिसतात. बाहेरून नत्र मिळेना, म्हणून ताट जुन्या पानातली प्रथिने मोडते, त्यातले नत्र वर नेते आणि नव्या पानाला, कणसाला देते. खालचे पान वाळते, पण धाट्यावर दाणा भरतो. म्हणजे पीक अडचणीच्या काळात घरातलेच मोडून खाते, आणि तेही ठरलेल्या क्रमाने. आधी जुने मोडायचे आणि नवे राखायचे.

हीच रीत एका पेशीच्या आतही चालते. पेशी आपल्याच आतले जुने, मोडके भाग गोळा करते, ते पचवते आणि निघालेला माल पुन्हा वापरते. या क्रियेला ऑटोफॅजी म्हणतात. मूळ ग्रीक शब्दांचा अर्थ 'स्वतःला खाणे'. आपण स्वभक्षण म्हणू. हे नाव बेल्जियमचे शास्त्रज्ञ क्रिस्तियाँ द दूव्ह यांनी १९६३ साली दिले. पण पेशीत हे काम कोणत्या जनुकांच्या हुकुमाने चालते, याचा पत्ता पुढे जवळजवळ तीस वर्षे लागला नाही. तो लागला यीस्टमध्ये.

यीस्ट हा बुरशीच्या कुळातला जीव. त्याचा सगळा देह एका पेशीचा. ही पेशी मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाएवढी, म्हणजे शेजारी शेजारी दोनशे पेशी मांडल्या तर एक मिलिमीटर भरेल. अन्न भरपूर असले की दीड-दोन तासांत एकीच्या दोन होतात. एवढा लहान जीव, पण त्याच्या पेशीत आपल्या पेशीसारखेच केंद्रक असते आणि ऊर्जा तयार करणारी केंद्रेही असतात. त्याच्यात सुमारे सहा हजार जनुके आहेत. जनुक म्हणजे वंशपरंपरेने आलेले, एखाद्या कामाचे लिहून ठेवलेले सूत्र. यीस्टची सगळी जनुकसंहिता १९९६ साली वाचून पूर्ण झाली. केंद्रक असलेल्या जीवांत हा पहिला मान यीस्टचा. एखादे जनुक काढून टाकायचे आणि काय बिघडते ते पाहायचे, हा प्रयोग यीस्टवर सोपा जातो. माणसावर तो करता येत नाही.

योशिनोरी ओसुमी यांचा जन्म १९४५ साली जपानमधील फुकुओका येथे झाला. १९८८ साली, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, त्यांना टोकियो विद्यापीठात स्वतःची लहानशी प्रयोगशाळा मिळाली. यीस्टच्या पेशीत एक मोठी पिशवी असते, तिला रिक्तिका म्हणतात. तिच्यात पाचक रस असतात. आपल्या घरामागचा खताचा खड्डा डोळ्यांपुढे आणा. त्यात टाकलेले कुजते, म्हणून आत काय काय पडले ते काही दिवसांनी ओळखू येत नाही. समजा, एखाद्या खड्ड्यात कुजणेच बंद झाले, तर? टाकलेले सगळे तसेच साचेल आणि कोणालाही दिसेल.

ओसुमी यांनी हीच युक्ती केली. ज्यांच्यात पाचक रस तयार होत नाहीत अशा बिघाडाचे यीस्ट त्यांनी घेतले, ते उपाशी ठेवले आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरले. थोड्याच तासांत रिक्तिकेत गोल गोल पिशव्या साचू लागल्या, आणि त्या आत वळवळताना दिसल्या. प्रत्येक पिशवीत पेशीचाच एक तुकडा होता. पेशी उपाशीपणी स्वतःचा माल खड्ड्यात नेऊन टाकते, हे साध्या सूक्ष्मदर्शकात डोळ्यांनी दिसले. हे काम १९९२ साली प्रसिद्ध झाले.

पुढचा प्रश्न हा की, या कामाची जनुके कोणती? त्यासाठी रसायन वापरून यीस्टच्या जनुकांत ठिकठिकाणी बिघाड केले आणि कोणत्या पेशीत पिशव्या साचत नाहीत ते शोधले. असा पहिला बिघाड हाती आला, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. त्या पेशी खाऊन-पिऊन असताना अगदी धडधाकट होत्या. उपाशी ठेवल्या की मात्र दोन दिवसांनंतर मरू लागत, आणि पाचव्या दिवसापर्यंत जवळजवळ सगळ्या संपत. साध्या यीस्टचे तसे होत नव्हते. मग त्यांनी हीच कसोटी धरली. उपासात कोण लवकर मरते ते आधी शोधायचे आणि त्यांची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करायची. अशा रीतीने १९९३ साली या कामाची पंधरा जनुके वेगळी ओळखता आली. पुढे इतरांनीही भर घातली. २००३ साली सगळ्यांना एटीजी हे एकच नाव देऊन क्रमांक लावले. आज त्यांची संख्या चाळीसच्या वर गेली आहे.

आता नियंत्रण कसे चालते ते पाहू. यीस्टमध्ये टॉर नावाचा एक मुकादम आहे. अन्न, विशेषतः नत्र, भरपूर असेपर्यंत तो म्हणतो, "वाढा, नवे बांधा, मोडू नका." त्याने एटीजी-१ आणि एटीजी-१३ यांना दाबून ठेवलेले असते. नत्र संपले की मुकादम गप्प होतो. एटीजी-१ मोकळे होते आणि काम सुरू होते. पेशीत दुहेरी पडद्याची एक वाटी तयार होते. एटीजी-८ नावाचे प्रथिन त्या पडद्याला चिकटून तिला वाढवते, आणि वाटीच्या कडा जुळून तिची पिशवी होते. ती रिक्तिकेला जाऊन मिळते, आतला माल पचतो आणि निघालेले नत्र पुन्हा प्रथिने बांधायला जाते. बाहेरून नत्र आले की मुकादम पुन्हा ओरडतो आणि मोडतोड थांबते. हे थांबणेही महत्त्वाचे आहे. घराचे वासे किती दिवस जाळणार?

मोडायचे तेही नेहमी हाताला येईल ते नाही. खराब झालेली ऊर्जाकेंद्रे ओळखून तेवढीच पिशवीत घालायला यीस्टमध्ये एटीजी-३२ हे वेगळे जनुक आहे. ते २००९ साली सापडले.

या टॉरची ओळख कशी पटली, ते शेतकऱ्याला ऐकायला आवडेल. १९६४ साली कॅनडाची एक तुकडी पॅसिफिक महासागरातील ईस्टर बेटावर गेली होती. तिने तिथली माती आणली. त्या मातीतल्या एका जिवाणूपासून १९७० नंतरच्या दशकात मॉन्ट्रियलमध्ये एक औषध निघाले. त्या कामात आपल्याकडे, बनारस हिंदू विद्यापीठात शिकलेले सुरेंद्रनाथ सहगल हे प्रमुख होते. बेटाचे स्थानिक नाव रापा नुई, म्हणून औषधाचे नाव रॅपामायसिन. हे औषध यीस्टची वाढ थांबवते. ते कोणाला जाऊन धरते, ते १९९१ साली स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे जोसेफ हाइटमन, राव मोव्वा आणि मायकेल हॉल यांनी यीस्टमध्येच शोधले. तोच हा मुकादम. मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांना आज हे औषध दिले जाते. मूठभर मातीत काय दडलेले असते, पाहा.

आता गोष्टीची दुसरी बाजू. स्वभक्षण हे जगण्यासाठी आहे. पण पेशीत मरणाचीही काही नेमलेली रीत असते. आपल्या शरीरात जुन्या, बिघडलेल्या पेशी ठरल्या पद्धतीने, आजूबाजूला दाह न करता मरतात. याला नियोजित पेशीमृत्यू म्हणतात. एकाच पेशीचा जीव असे का करील, असे पूर्वी वाटे. १९९७ साली जर्मनीत फ्रांक मादेओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एका जनुकात बिघाड असलेल्या यीस्टमध्ये तसल्याच मरणाच्या खुणा दिसल्या. २००२ साली या मरणात भाग घेणारे वायसीए-१ हे जनुक यीस्टमध्ये दाखवले गेले. ते काढून टाकले, तर हायड्रोजन पेरॉक्साइडच्या माऱ्यात पेशी कमी मरतात.

घरातल्या शिरक्याचे उदाहरण घ्या. शिरक्यात जे आम्ल असते ते यीस्टच्या पेशींना बेताच्या प्रमाणात दिले, तर त्या ठरलेल्या खुणा दाखवत, क्रमाने मरतात. फार जास्त दिले, तर नुसत्या फुटून मरतात. मरणे एकच, पण रीत दोन.

मग मरण्याचे जनुक काढून टाकले, तर यीस्ट अधिक सुखी होईल काय? २००४ साली हे पाहिले गेले. वायसीए-१ नसलेल्या पेशी म्हातारपणी सुरुवातीला जास्त टिकल्या. पण पुन्हा ताजे अन्न मिळाल्यावर त्यांना नीट वाढता येईना. साध्या यीस्टबरोबर एकाच भांड्यात ठेवल्या, तेव्हा शेवटी साधे यीस्टच वरचढ ठरले. मरणाऱ्या जुन्या पेशींतून बाहेर पडणारी द्रव्ये मागे राहिलेल्यांना उपयोगी पडतात, असेही दिसले. आपण ज्वारीची विरळणी करतो, त्या वेळी उपटलेल्या रोपाचे वाईट वाटते, पण राहिलेल्याला जागा आणि अन्न मिळते. तसाच काहीसा हा हिशोब आहे. यीस्टच्या या मरणाला खरोखर 'नियोजित' म्हणावे की नाही, याबद्दल शास्त्रज्ञांत अजून वाद आहे, हेही सांगून ठेवतो.

तुम्ही म्हणाल, यीस्टचे यीस्टपाशी, आपला काय संबंध? संबंध आहे. स्वभक्षणाच्या यीस्टमधील बऱ्याच जनुकांची भावंडे वनस्पतींत, जनावरांत आणि माणसांत सापडली. मक्यात एटीजी-१२ हे जनुक बिघडवले, तर पानातले नत्र दाण्यात कमी जाते आणि उत्पन्न घटते, असे २०१५ साली प्रसिद्ध झाले. २००४ सालचा जपानमधला उंदरांवरचा प्रयोग तर मनाला लागतो. पिल्लू जन्मले की नाळेतून येणारे अन्न तुटते, आणि आईचे दूध पोटात जाईपर्यंत मध्ये थोडा काळ जातो. त्या थोड्या काळात पिल्लाच्या पेशी जोराने स्वभक्षण करून तग धरतात. ज्या पिल्लांत एटीजी-५ हे जनुक नव्हते, ती जन्मताना चांगली दिसत, पण एका दिवसात मरत. नाळ आणि पहिले दूध यांच्यामधली ही चिंचोळी वाट पेशीच्या शिदोरीवर पार करावी लागते. वासराला चीक वेळेवर पाजा, असे आम्ही सांगतो, तेव्हा ती वाट लवकर संपावी हाही एक हेतू असतो.

मेंदूचे काही आजार, काही प्रकारचे कर्करोग यांच्याशी या क्रियेतील बिघाडाचा संबंध शोधणे चालू आहे. म्हणूनच २०१६ साली ओसुमी यांना वैद्यकाचे नोबेल पारितोषिक एकट्याला मिळाले. ते पेशीतल्या स्वभक्षणाची यंत्रणा उलगडल्याबद्दल मिळाले. एकादशीला नाही, चतुर्थीला नाही आणि कोणत्याही उपासाला नाही. माणसाने किती तास उपाशी राहावे, याचा आकडा यीस्टच्या त्या कामात कुठेही नाही. त्यात मधुमेहाचा उपचारही नाही.

आणखी एक गंमत सांगतो. ओसुमी यांचे यीस्ट ज्या पाण्यात उपाशी ठेवले होते, त्यात साखर भरपूर होती. नव्हते ते नत्र. म्हणजे तो उपास साबुदाण्याच्या उपासासारखा होता. साबुदाण्यात पिष्ट भरपूर, प्रथिन नावालाच. त्यात आपण दाण्याचे कूट घातले, की नत्र आले आणि यीस्टच्या हिशोबाने उपास मोडला! अक्काचे उलटे झाले. तिच्या गोळीने रक्तातली साखर खाली नेली आणि वरून ती भरून काढायला पोटात काहीच नव्हते. यीस्टला साखर मिळत होती, अक्काला नाही. मोबाईलवरच्या निरोपात एवढा फरक कोण सांगणार?

म्हणून काही गोष्टी ध्यानात ठेवा. उपास करणे हा श्रद्धेचा भाग आहे, त्यात मी लुडबूड करणार नाही. पण घरात कोणी साखर उतरवणारी गोळी किंवा इन्सुलिन घेत असेल, तर उपासाच्या आधी डॉक्टरांना विचारा. त्या दिवशी औषध किती आणि केव्हा घ्यायचे ते त्यांनीच ठरवायचे. स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका आणि गोळी घेऊन उपाशीही राहू नका. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनी, मूत्रपिंडाच्या रोग्यांनी आणि अशक्त म्हाताऱ्यांनीही विचारूनच करावे. मधुमेही माणसाला अचानक घाम, थरथर, भोवळ किंवा बोलण्यात गोंधळ दिसला आणि तो शुद्धीवर असला, तर लगेच साखर किंवा गूळ घालून पाणी पाजा. एकादशी आहे की द्वादशी ते नंतर पाहा. शुद्ध हरपली असेल, तर तोंडात काहीही घालू नका, तडक दवाखाना गाठा.

आणखी एक विनंती. मोबाईलवर शास्त्राच्या नावाने काही आले, की एवढेच विचारा : हा प्रयोग कोणावर झाला? यीस्टवर, उंदरावर की माणसावर? आणि त्याला काय दिले होते, काय दिले नव्हते? दुकानदार नवे औषध विकतो, तेव्हा तुम्ही 'कोणत्या पिकावर, किती प्रमाणात?' असे विचारता ना? तेच इथेही विचारायचे.

परवा मी अक्काकडे गेलो होतो. हे सगळे तिला चुलीशी बसून सांगितले. तिने शांतपणे ऐकले. मग म्हणाली, "म्हणजे ते यीस्टसुद्धा आधी जुनं-मोडकं खातं, आणि नत्र आलं की थांबतं. त्याला कळतं की कधी थांबायचं." पुढच्या एकादशीसाठी तिने डॉक्टरांना विचारून गोळीची वेळ आणि खाण्याचे ठरवून घेतले आहे. भगर आणि दाण्याची आमटी पुन्हा सुरू होईल. "विठोबा काही माझी साखर मोजत नाही," असे म्हणून ती हसली.

मला मात्र एक धडा मिळाला. कोणी 'खरं का रे?' असे विचारले, की आता मी बैठक थोडी उशिरा गाठतो, पण उत्तर पुरे देतो. तुमच्या घरातही असा काही निरोप येऊन पडला असेल आणि शंका असेल, तर सदराच्या पत्त्यावर कळवा. पुढच्या अंकी आपल्या नेहमीच्या विषयाकडे वळू. रब्बी ज्वारीला नत्र केव्हा आणि किती द्यावे, म्हणजे तिला खालची पाने मोडून खाण्याची वेळच येणार नाही, ते पाहू.